बोलते का तुमचं लेकरू?

तिवस्यात लहान मुलाचं वय महिन्यांत मोजत नाहीत, प्रश्नांत मोजतात. तीन महिन्यांचं असेल तर 'मान धरली का?', पाच-सहाचं असेल तर 'पालथं पडते का?', आणि मग ओळीनं 'बसते का', 'दात आले का', 'रांगते का', 'चालते का'. विचारणाऱ्याची आपली ओळख असलीच पाहिजे असं नाही. एसटीत शेजारी बसलेली बाई विचारते. कापसाच्या गाडीवर बसलेला माणूस वरून ओरडून विचारतो. कटिंगवाला माझ्या गळ्यावर वस्तरा टेकवून विचारतो, तेव्हा तर खोटं बोलायचीही सोय उरत नाही. आपण 'हो' म्हणालो की विचारणाऱ्याचा विरस होतो. 'नाही अजून' म्हणालो की तो सावरून बसतो.

"काहून बाप्पा? आमचं तं नवव्या महिन्यात अंगणभर पये!"

नवव्या महिन्यानंतर चालायला लागलेलं मूल या गावात मला अजून भेटायचं आहे. सगळी आधीच धावलेली. एवढ्या लवकर धावायला लागलेली ही मुलं मोठेपणी गेली कुठं, हे मात्र कळत नाही. कारण स्टँडसमोरच्या पानठेल्यावर जी बसलेली असतात, ती सकाळपासून संध्याकाळपर्यंत जागची हलत नाहीत.

आमच्या चिरंजीवांनी सुरुवातीचे पेपर वेळेवर सोडवले. दीड महिना, अडीच महिना, साडेतीन महिने, सगळ्या सुया वेळच्या वेळी टोचून घेतल्या. प्रत्येक वेळी त्यानं सूर लावला आणि रांगेतल्या सगळ्या बाळांनी तो उचलून धरला. अंगणवाडीच्या ताईंनी काट्याच्या झोळीत टांगून वजन केलं आणि तक्त्यावरच्या हिरव्या पट्ट्यात टिंब दिलं. बायकोनं ते कार्ड माझ्या बीएडच्या प्रमाणपत्राच्या फाइलीत ठेवलं. आधी माझं प्रमाणपत्र वर होतं. आता कार्ड वर आहे.

उष्टावणाला त्याचा मामा आर्वीहून चांदीची वाटी घेऊन आला. खीर चाटवून झाल्यावर ताटात वस्तू मांडायच्या आणि मूल कशाला हात लावतं ते बघायचं, म्हणजे पुढं काय होणार ते कळतं. ताटात पुस्तक, पेन, अंगठी, वावरातली माती आणि कापसाचं बोंड एवढंच ठरलं होतं. पण मामानं गुपचूप एक पाना ठेवला, कारण त्याला भाचा इंजिनिअर हवा होता. बायकोनं डॉक्टर मैत्रिणीकडून स्टेथोस्कोप आणून ठेवला होता. आबा, म्हणजे माझे वडील, मातीची वाटी पायाच्या अंगठ्यानं हळूहळू लेकराकडे सरकवत होते. मी शिक्षक माणूस, म्हणून मी पुस्तक मागं ओढून घेतलं. घरात एक पुरे. चिरंजीवांनी सगळ्यांकडे एकवार पाहिलं, ताटाची कड धरली, अख्खं भविष्य सतरंजीवर उलटं केलं आणि रिकामं ताट दोन्ही हातांनी बडवायला सुरुवात केली.

"खंजिरी वाजवन माहा राजा!" आजीचे डोळे भरून आले. इथून तुकडोजी महाराजांचं गुरुकुंज मोझरी दहा-पंधरा मिनिटांवर, तेव्हा खंजिरीचा मान आमच्याकडे फार मोठा. आबांनी मात्र वाटीतली माती चिमटीत घेऊन विचारलं, "पगार भेटते का त्याले?"

पहिलं पाऊल तर त्यानं गॅस सिलिंडरवाल्यासमोर टाकलं. घरात तेव्हा चार मोठी माणसं हजर होती, पण एक जण पैसे शोधत होता, एक जण सुटे शोधत होता, एक जण पुस्तक शोधत होता आणि चौथी त्या तिघांना कुठं काय ठेवलंय ते सांगत होती. सिलिंडरवाला म्हणाला, "भाऊ, तुमचं पोट्टं चालून रायलं ना!" आम्ही वळलो तोवर लेकरू खाली बसलं होतं. ही गोष्ट घरानं आजतागायत मान्य केलेली नाही. अधिकृत पहिलं पाऊल त्याच दिवशी संध्याकाळी, नवा झबला घालून, मोबाइल आडवा धरून पडलं. तो सिलिंडरवाला अजून येतो, लेकराकडे पाहतो, माझ्याकडे पाहतो आणि काही न बोलता सही घेतो.

एवढं सगळं ठीक होतं. गाडी अडली ती 'बोलते का?' या प्रश्नाशी.

दीड वर्ष झालं, पावणेदोन झालं, दोन झाली. चिरंजीवांचा शब्दसंग्रह एका अक्षराचा होता: 'अं'. सोबत उजव्या हाताची तर्जनी. तेवढ्या भांडवलावर तो अख्खं घर चालवत होता. वर जाणारा 'अं' म्हणजे पाणी, खाली येणारा म्हणजे पाणी नको, लांबलेला म्हणजे मांजर, तुटक म्हणजे मांजर गेली. बोट फळीकडे गेलं की दोन माणसं उठून फळीवरची एकेक वस्तू दाखवायची, आणि हवी ती आली की तो मान हलवायचा. वरच्या हुद्द्यावरची माणसं साधारण अशीच काम करतात, हे मी शिक्षणखात्यात पाहिलेलं आहे.

माझी पंचाईत अशी, की मी कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवतो. बोलणं हाच माझा धंदा. गणिताच्या मास्तरचं पोर बोललं नाही तर लोक समजून घेतात. माझ्याबाबतीत तशी सवलत नव्हती. "तुमच्याच घरी काहून असं?" असं विचारून, उत्तराची वाट न बघता, लोक स्वतःच निदान करून टाकत. त्यातलं गावभर गाजलेलं निदान आमच्या शिपाईभाऊंचं होतं: "मास्तर, घरी दिवसभर तुमचंच चालू असन. त्या लेकराचा नंबर लागते का?"

घरी त्याचा नंबर लावण्याचा जोरदार प्रयत्न सुरू झाला. सकाळी डोळे उघडले की आजी म्हणायची, "बोल माहा राजा, आजी म्हन." आबा पेपर खाली करून म्हणायचे, "बोल ना बे!" आबांचं 'बे' सगळ्यांना लागतं, बैलालाही आणि व्याह्यांनाही, त्यात राग काही नसतो. पुण्याची मामी व्हिडिओ कॉलवर "बोल ना रे पिल्लू" म्हणून थकायची. दूधवाला "बोल ना बे" म्हणून माप ओतायचा. पाहुणा आला की चहाच्या आधी एकदा, चहानंतर एकदा. चिरंजीव प्रत्येकाचं तोंड लक्षपूर्वक पाहत आणि बोट बिस्किटांच्या डब्याकडे करत.

बायकोनं मग कडक धोरण जाहीर केलं. 'बिस्किट' म्हटल्याशिवाय बिस्किट नाही. माय-लेक डब्याच्या दोन बाजूंना उभे राहिले.

"बोल, बिस्किट."

"अं."

"अं नाही. बिस्किट."

त्यानं बोट खाली घेतलं आणि शांतपणे भिंतीला टेकून बसला. आपल्याला घाई नाही, हे त्यानं चेहऱ्यावरून कळवलं. थोड्या वेळानं बायकोनंच विचारलं, "निदान 'बि' तरी?" तेवढ्यात मागून आजीचा हात आला आणि त्यात दोन बिस्किटं होती. धोरण दुपारपर्यंत टिकलं.

अमरावतीला बालरोगतज्ज्ञांकडे नेलं. त्यांनी आधी कान तपासून घ्यायला लावले. कान उत्तम निघाले. घरी आम्हाला ते ठाऊकच होतं. वरच्या मजल्यावर चिप्सचं पुडकं फाडलं तरी हा खालून जिन्याशी येऊन उभा राहायचा. डॉक्टर म्हणाले, याला सगळं समजतं, मोबाइल बंद ठेवा, मागायच्या आधी हातात देऊ नका आणि त्याच्याशी भरपूर बोला. आबांनी बाहेर येईपर्यंत दम धरला. "औषध नाही, गोळी नाही, अन् एवढी फी घेऊन 'बोला' म्हनते! ते तं आपन घरी फुकट बोलतो."

दरम्यान त्याचं आधार कार्ड काढायची वेळ आली. पाच वर्षांखालच्या मुलांच्या बोटांचे ठसे घेत नाहीत, नुसता फोटो लागतो, त्यामुळं काम सोपं असेल असं आम्ही समजलो. केंद्रावरचा मुलगा म्हणायचा, "इकडे पाहा, बाळ." बाळ आम्हाला पाहायचं. आम्ही कॅमेऱ्यामागं जाऊन उभे राहिलो, तर बाळ आम्ही आधी जिथं होतो तिथं पाहायचं. शेवटी आबांनी खुर्चीच्या मागून टाळी वाजवली आणि त्या क्षणी जे निघालं ते निळ्या कार्डावर कायमचं छापलं गेलं: डोळे वर, तोंड सताड उघडं. आजीनं त्या कार्डाचा फार चांगला उपयोग केला. कुणी 'बोलते का' विचारलं की ती कार्ड काढून दाखवायची. "हे पाय ना. बोलतेच हाय."

मला खरं दुःख तालुक्याचं होतं. हा तालुका मुळात बोलणाऱ्यांचा. कौंडण्यपूर आमच्या तालुक्यात, रुक्मिणीचं माहेर. विदर्भाची जुनी राजधानी. घरच्यांनी शिशुपालाशी लग्न ठरवल्यावर इथल्या मुलीनं थेट द्वारकेला निरोप धाडला. भागवतात तो सात श्लोकांचा आहे. त्यात प्रेम आहे, पत्ता आहे, पळवून न्यायची वेळ आणि जागाही आहे. याहून नेमकं मी बारावीच्या पत्रलेखनात कुणाकडून लिहून घेऊ शकलेलो नाही. दुसरे तुकडोजी महाराज. वरखेडच्या आडकोजी महाराजांनी ज्याला तुकड्या म्हटलं, त्या यावलीच्या माणिकनं ग्रामगीतेत ४१ अध्याय आणि ४,६७५ ओव्या लिहिल्या. अशा मुलखात माझ्या पोराची एकूण वाङ्मयनिर्मिती 'अं' एवढीच होती.

म्हणून जावळाला कौंडण्यपूर ठरलं. वर्धा नदीच्या काठी मामाच्या मांडीवर बसवून डोकं केलं. एरवी अशा वेळी मुलं आई गं, बाबा रे करतात. यानं अख्खं मुंडण 'अं'वर काढलं, फक्त त्याची पट्टी तेवढी चढत गेली. देवळात आजी रुक्मिणीसमोर उभी राहिली आणि कुणाची भीड न ठेवता म्हणाली, "माय, तू तं एवढी मोठी चिठ्ठी धाडली द्वारकेले. आमच्या लेकराले निदान पानी मागता येऊ दे."

रुक्मिणी विचार करत असावी. तोवर उपाय सुरू झाले. शंखात रात्रभर ठेवलेलं पाणी झालं. वेखंड जिभेला लावून झालं. त्यानंतर त्यानं असं तोंड केलं की बोलला असता तर काय बोलला असता याचा अंदाज आला. आणि मग समोरच्या काकूंनी तो जालीम उपाय सांगितला: राघूनं उष्टावलेला जाम.

जाम म्हणजे पेरू. राघूनं चोच मारलेला जाम लेकराला चारला की लेकरू राघूसारखं बोलतं, यावर आमच्या गल्लीत दुमत नाही. अटी कडक. जाम खाली पडलेला नको. झाडावरच असताना उष्टावलेला आणि हातानं तोडलेला पाहिजे. आणि तो बापानं आणला पाहिजे. ही शेवटची अट शास्त्रात आहे की काकूंना आयत्या वेळी सुचली, ते मी विचारलं नाही.

श्रावणाचे दिवस. गल्लीच्या टोकाला एका वाड्यात जामाचं झाड आहे. कॉलेज सुटलं की मी तिथल्या भिंतीवर चढून बसू लागलो. एरवी सकाळ-संध्याकाळ कलकलाट करून जीव नकोसा करणारे राघू मी बसलो की शेजारच्या कडुलिंबावर जात आणि तिथून मला बघत. शिष्य जात-येत असत.

"सर, काय करून रायले?"

"निरीक्षण."

"कायचं सर?"

"निसर्गाचं."

दुसऱ्या दिवशी वर्गात पहिल्या बाकावरून कुणीतरी राघूसारखी शीळ घातली. मी फळ्याकडे तोंड करून क्रियाविशेषण अव्यय शिकवत राहिलो.

शेवटी एकदाचा अर्धा खाल्लेला जाम देठासकट हाती लागला. घरी आणला तर नवाच वाद. आबांनी चष्मा लावून तो फिरवून फिरवून पाहिला आणि निकाल दिला, "हे खारीचं हाय."

"राघूचंच हाय," आजी म्हणाली.

"चोच अशी लागत नाही. हे दात हायेत."

"तुमाले काय समजते? तुमाले सवताचे तं दिसत नाहीत, ग्लासात ठेवता."

काकूंना बोलावलं. काकूंनी वास घेऊन सांगितलं की वरचं राघूचं आहे आणि खालचं खारीचं. मग सुरीनं सीमा आखून वरचा भाग चिरंजीवांना दिला. तो त्यांना आवडला, म्हणून बोट दाखवून त्यांनी खालचाही मागितला आणि कुणाचं लक्ष जायच्या आत खाल्ला. थोडा तुकडा उरला होता. मी उचलला, तर बायको म्हणाली, "तुम्ही नका खाऊ. तुम्हाला गरज नाही."

आठवड्याभरात चिरंजीव कपाटाच्या वरच्या फळीवर सापडले. कसे चढले ते कुणालाच माहीत नाही. आबा फक्त एवढंच म्हणाले, "मी तवाच म्हनलं होतं, खारीचं हाय."

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. धोतर नेसवून, फेटा बांधून, चाकाच्या लाकडी बैलाची दोरी हातात देऊन त्याला घरोघर नेलं. घरधनीण बैलाला ओवाळते, मुलाच्या हातात बोजारा ठेवते, आणि मध्ये दोन प्रश्न विचारते. बोलणारी मुलं तिथंच फसतात. बैलाचं नाव काय, किती दूध देतो (या प्रश्नावर सगळे हसतात, दर वर्षी), कोणत्या वर्गात, कविता म्हणून दाखव. आमचा नुसता हात पुढं करून उभा. एक काकू अडून बसल्या, "नाव सांगतल्याबिगर बोजारा नाही." त्यानं त्यांच्याकडे पाहिलं. पाहतच राहिला. पापणीही हलवली नाही. काकूंनी दहाची नोट ठेवली, मग आपण लेकराला छळलं असं वाटून आणखी एक ठेवली. बाकीची मुलं पहिल्या गल्लीत कविता म्हणत होती तोवर याची तिसरी गल्ली झाली होती. घरी नोटा मोजताना आबांच्या मनात पहिल्यांदाच शंका आली, की याला बोलायला लावून आपण याचं नुकसान तर करत नाही ना.

यानंतर आश्विन आला आणि मोझरीची पुण्यतिथी. तुकडोजी महाराज ११ ऑक्टोबर १९६८ला गेले. आश्विन वद्य पंचमीला गुरुकुंजात त्यांना मौन श्रद्धांजली देतात. दुपारी बरोबर ४ वाजून ५८ मिनिटांनी. लाखो माणसं गावोगावहून आलेली असतात, भगव्या टोप्या, दिंड्या, खंजिऱ्या, लाउडस्पीकर, सगळा गजर चाललेला असतो, आणि त्या मिनिटाला तो थांबतो. जो जिथं असेल तिथं हात जोडून उभा राहतो. आजी दर वर्षी जाते. त्या वर्षी म्हणाली, "लेकराले घेऊ. समाधीपुढं उभं करू. बोलन." बायकोनं दिवाळीची घरसफाई काढली होती. ती म्हणाली, "तुम्ही जा, तेवढाच पसारा कमी." हे वाक्य तिनं पुढं स्वतःला कधी माफ केलं नाही.

गर्दीत पोर कडेवर घेऊन उभं राहण्यात फारसं सुख नसतं. पण पाच वाजत आले तसं माझ्या लक्षात आलं, की आजूबाजूचे आई-बाप घामाघूम झाले आहेत. बोलणारी पोरं घेऊन आलेले ते. माझ्या डावीकडच्या बाईनं आपल्या पोरीच्या तोंडात लाडू कोंबून वर तळहात ठेवला होता. पुढचा एक बाप पोराला कानात धमक्या देत होता. आणि मी निवांत! ज्याचं लेकरू बोलत नाही असा त्या लाखांतला मी एकटा भाग्यवान. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा मान ताठ करून उभा राहिलो. त्या लाडूवाल्या बाईकडे मी थोडं दयेनं पाहिल्याचंही आठवतं.

४ वाजून ५८ मिनिटं झाली. सगळं थांबलं. खंजिरी नाही, भोंगा नाही, खोकला नाही. एवढी माणसं आणि एवढी शांतता मी उभ्या जन्मात ऐकली नव्हती.

चिरंजीवांनी मान वर केली. डावीकडे पाहिलं. सगळे गप्प. उजवीकडे पाहिलं. सगळे गप्प. माझ्याकडे पाहिलं, तर मी, म्हणजे ज्याचं दिवसभर चालू असतं तो इसम, तोही गप्प. त्याच्या चेहऱ्यावर काळजी दिसली. शेजारी भगव्या टोपीतले एक पांढऱ्या मिशांचे आजोबा डोळे मिटून, हात जोडून उभे होते. यानं वाकून त्यांच्या गालावर हलकेच चापट मारली आणि खणखणीत, स्वच्छ, आबांच्या आवाजात म्हणाला:

"बोल ना बे!"

माझ्या पायाखालची मोझरी सरकली. आजोबांच्या मिशा थरथरल्या, पण माणूस निष्ठावंत, डोळे उघडले नाहीत. याला वाटलं, ऐकू गेलं नाही. "बोल ना!" मग लाडूवाल्या बाईकडे वळून, "बोल ना बे!" तिच्या पोरीनं हात झटकून लाडूसकट हसू सोडलं. आणि मी काहीही करू शकत नव्हतो. गप बस म्हणावं तर मौन. 'शू' म्हणावं तर तोही आवाज. तोंडावर हात ठेवावा, तर दोन वर्षांत पहिल्यांदा उघडलेलं तोंड बापानंच कसं बंद करायचं? मी नुसते डोळे मोठे केले. ते पाहून तो मलाही म्हणाला, समजावणीच्या सुरात, "बोल ना रे पिल्लू."

आजीच्या मिटल्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. महाराजांसाठी किती आणि नातवासाठी किती, ते तिनं अजून वेगळं करून सांगितलेलं नाही.

ती मिनिटं संपली आणि प्रार्थना सुरू झाली. एकदम, चहूकडून, लाखो गळ्यांनी. चिरंजीव दचकले. मग त्यांनी सगळीकडे मान फिरवून पाहिलं आणि हळूहळू तोंडभर हसू पसरलं. त्याच्या हिशेबानं घडलेली गोष्ट सरळ होती: सगळं जग अडून बसलं होतं, याने 'बोल' म्हटलं आणि जग बोलायला लागलं. एवढा तात्काळ परिणाम आम्हाला त्याच्यावर कधी साधला नव्हता.

प्रार्थना झाल्यावर मिशीवाल्या आजोबांनी डोळे उघडले. मी हात जोडून काही बोलणार, तेवढ्यात तेच म्हणाले, "आवाज मोकळा हाय पोट्ट्याचा. भजनात घाला."

घरी पोचलो. बायको जळमटं काढत स्टुलावर उभी होती. आजीनं दारातूनच जाहीर केलं, "बोललं वं लेकरू!" झाडू खाली पडला.

"काय बोलला? आई म्हणाला?"

आजीनं माझ्याकडे पाहिलं. मी आबांकडे पाहिलं.

"बोल ना बे," मी म्हणालो.

बायकोकडे एक वही आहे. गुलाबी पुठ्ठ्याची, पहिला दात, पहिलं पाऊल, पहिला शब्द असे रकाने आखलेली, बाळंतपणात मैत्रिणीनं दिलेली. पहिल्या शब्दाचा रकाना दोन वर्षं कोरा होता. तिथं 'बे' लिहायला ती तयार होईना. तिचं म्हणणं, मी ऐकलेलं नाही म्हणजे झालेलं नाही. सिलिंडरवाल्याचा न्याय तिनं मलाही लावला. आबांचं म्हणणं, लिही, खाली माझं नाव घाल, शब्द माझा आहे. आणि आपण म्हणतो ते खरं, हे तिला दाखवायला मग आम्ही सगळे त्याच्याभोवती बसलो.

"बोल ना बे म्हन."

"म्हन ना, बोल ना बे!"

"बोल ना बे!"

चिरंजीवांनी सगळ्यांची तोंडं लक्षपूर्वक पाहिली आणि बोट बिस्किटांच्या डब्याकडे केलं. "अं."

दिवाळीपर्यंत तो 'अं'वरच राहिला आणि घरात माझी पत राहिली नाही. मग लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी पाहुणे बसलेले असताना तो जो सुटला, तो आजपर्यंत थांबलेला नाही. आणि दोन वर्षं त्यानं नुसतं ऐकून साठवलं होतं, हे आमच्या ध्यानातच आलं नव्हतं. फराळाचं ताट घेऊन आलेल्या समोरच्या काकूंना त्यानं सांगितलं, "आजी म्हने, काकूचे अनारसे दगड." मामाला सांगितलं, "बाबा म्हने, आला का हा." वहीत बायकोनं शेवटी 'आई' लिहिलं. तारीख तिनंच निवडली.

गावानं याची नोंद घेतली आणि तातडीनं पुढचा प्रश्न काढला: 'शाळेत टाकलं का?' तो मी टाळतो आहे. टाळता येत नाही तो दुसराच त्रास. लेकरू कशानं बोललं यावर घरात तीन पक्ष आहेत. आजी म्हणते महाराज, आबा म्हणतात मी, बायको म्हणते डॉक्टर. पण गल्लीनं एकमतानं जाम धरला आहे. आता मोझरीपासून कुऱ्ह्यापर्यंतच्या ज्या ज्या घरी लेकरू बोलत नाही, तिथला बाप पिशवी घेऊन आमच्या दाराशी येतो. परवा एक जण भर उन्हात आला, पिशवीतून पाच-सहा अर्धे खाल्लेले जाम काढून ओट्यावर मांडले आणि घाम पुसत म्हणाला, "मास्तर, जरा पाहून सांगा ना, यातलं राघूचं कोनतं?"

मी चष्मा आणायला आत वळलो. चिरंजीव ओट्यावर आले, कमरेवर हात ठेवून एकेक जाम निरखून पाहिला आणि त्या गृहस्थाला म्हणाले, "हे खारीचं हाय बे."